पुढचा प्रशिक्षक कोण? अमेरिकी विद्यापीठ फुटबॉलमधील तर्कवितर्क आणि त्यांची किंमत

मिसिसिपी राज्यातील ऑक्सफर्ड या छोट्या विद्यापीठनगरीच्या विमानतळावर ३० नोव्हेंबर २०२५ रोजी, रविवारी, फुटबॉलप्रेमींचा जमाव गोळा झाला होता. ‘ओल मिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिसिसिपी विद्यापीठाच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक लेन किफिन तेथून लुइझियानाकडे निघाले होते. संघाने हंगामातील १२ पैकी ११ सामने जिंकले होते आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमधील त्याचे स्थान जवळजवळ निश्चित होते. अशा ऐन मोक्याच्या क्षणी प्रशिक्षकाने प्रतिस्पर्धी लुइझियाना स्टेट विद्यापीठाची, म्हणजे ‘एलएसयू’ची, नोकरी पत्करली होती. जमावाने विमानाकडे पाहून हुर्यो उडवली. त्याच दिवशी ते बॅटन रूज येथे उतरले, तेव्हा तेथील गर्दी मात्र स्वागतासाठी आली होती.

या निर्णयाचा धक्का फारसा कोणाला बसला नाही. पाच आठवडे दोन्ही राज्यांत दुसरी चर्चाच नव्हती. किफिन यांचे कुटुंबीय बॅटन रूजला आणि फ्लोरिडातील गेन्सव्हिलला जाऊन आल्याच्या बातम्या नोव्हेंबरच्या मध्यासच पसरल्या होत्या. फ्लोरिडा विद्यापीठाचे पदही तेव्हा रिकामेच होते. मंत्रिमंडळ विस्ताराच्या आधी आपल्याकडे जशा संभाव्य नावांच्या याद्या फिरतात, कोण दिल्लीला गेला आणि कोणाला भेटला यावरून जसे आडाखे बांधले जातात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, येथे पद मंत्र्याचे नसून विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाचे असते आणि त्याचे वेतन त्या राज्याच्या राज्यपालाच्या वेतनाच्या अनेक पट असते.

भारतीय वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. येथे फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण घालून, लंबगोल चेंडूने खेळला जाणारा अमेरिकी फुटबॉल. तो खेळणारे विद्यार्थी असले, तरी त्याचा पसारा व्यावसायिक खेळाहून लहान नाही. एलएसयूच्या टायगर स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. लुइझियानात न्यू ऑर्लिन्सचा व्यावसायिक संघ आहे. पण अलाबामा किंवा मिसिसिपी यांसारख्या राज्यांत तोही नाही. तेथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ असतो, आणि ज्यांनी त्या विद्यापीठाची पायरीही कधी चढलेली नाही अशी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्याची निष्ठा सांभाळतात. संघाची आखणी, नव्या खेळाडूंची भरती, सहायकांची निवड हे सारे मुख्य प्रशिक्षकाच्या हाती एकवटलेले असते. खेळाडू तीन-चार वर्षांत निघून जातात, प्रशिक्षक उरतो. त्यामुळे प्रशिक्षक बदलला की आपले नशीब बदलेल, ही श्रद्धा अगदीच निराधार नाही. एलएसयूने निक सेबन यांच्या कारकिर्दीत २००३च्या हंगामाचे, लेस माइल्स यांच्या कारकिर्दीत २००७चे आणि एड ऑर्जेरॉन यांच्या कारकिर्दीत २०१९चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. लागोपाठच्या तीन प्रशिक्षकांनी विजेतेपद आणलेले पाहिल्यावर चौथ्याकडून त्याच अपेक्षा बाळगल्या गेल्या, तर चाहत्यांना दोष कसा द्यावा?

अंदाज बांधण्याची साधने काळानुसार बदलत गेली. एके काळी वृत्तपत्रातील स्तंभलेखकाचा एखादा सूचक परिच्छेद पुरत असे. आता चाहते विमानांचा माग काढतात. मोठ्या विद्यापीठांच्या दिमतीला खासगी विमाने असतात, काही धनाढ्य देणगीदारांची असतात. अमेरिकेच्या बहुतेक नियंत्रित हवाई क्षेत्रात विमानाने आपले स्थान सतत प्रक्षेपित करणे १ जानेवारी २०२० पासून बंधनकारक आहे. हे संकेत साध्या उपकरणाने टिपता येतात आणि हौशी मंडळी ते एकत्र करून सर्वांना खुले करतात. मग देणगीदाराचे विमान मंगळवारी दुपारी एखाद्या आडगावच्या धावपट्टीवर का उतरले, याची चिकित्सा हजारो लोक एकाच वेळी करू लागतात. बहुतेकदा उत्तर अगदी साधे निघते. दुसऱ्याच कोणाचा धंद्याचा प्रवास असतो. पण एखाद्या वेळी तर्क बरोबर ठरला की, पुढची दहा वर्षे ती पद्धत चालू राहते.

विमानाने भल्याभल्यांना गोत्यात आणल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अलाबामातील ऑबर्न विद्यापीठाचे आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये, कट्टर प्रतिस्पर्धी अलाबामाविरुद्धच्या सामन्याला अवघे दोन दिवस उरले असताना, ऑबर्नचे अध्यक्ष आणि क्रीडा संचालक खासगी विमानाने इंडियाना राज्यात जाऊन लुइव्हिलचे प्रशिक्षक बॉबी पेट्रिनो यांना गुपचूप भेटले. त्या वेळी ऑबर्नचे प्रशिक्षक टॉमी ट्युबरव्हिल पदावरच होते आणि त्यांना याची कल्पना दिलेली नव्हती. ऑबर्नने तो सामना जिंकला आणि काही दिवसांतच भेटीचे बिंग फुटले. लोकक्षोभ इतका झाला की, ट्युबरव्हिल पदावर राहिले आणि अध्यक्षांनाच जानेवारी २००४ मध्ये राजीनामा द्यावा लागला. पुढच्या हंगामात ऑबर्नचा संघ एकही सामना हरला नाही. ट्युबरव्हिल पुढे राजकारणात उतरले आणि अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेले.

इतकी चर्चा, इतकी टेहळणी. पण तिचा लाभ नेमका कोणाला होतो? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर २०२१च्या शरद ऋतूत सापडते.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यास एलएसयूने जाहीर केले की, ऑर्जेरॉन हंगामाअखेर पद सोडतील. विजेतेपदाला दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कॅलिफोर्नियातील ‘यूएससी’ या नामांकित विद्यापीठाचे पद सप्टेंबरपासूनच रिकामे होते. दोन श्रीमंत कार्यक्रमांना एकाच वेळी प्रशिक्षक हवा असल्यामुळे देशभरातील प्रत्येक यशस्वी प्रशिक्षकाचे नाव कोणत्या ना कोणत्या यादीत आले. टेक्सास ए अँड एमचे जिम्बो फिशर हे एलएसयूचे जुने सहायक. त्यांचे नाव तर पद रिकामे होण्याच्या आधीपासूनच घेतले जात होते. त्यांच्या विद्यापीठाने सप्टेंबरच्या आरंभीच त्यांचा करार २०३१ पर्यंत वाढवून वेतनही वाढवले. पेन स्टेटचे जेम्स फ्रँकलिन यांचे नाव दोन्हीकडे घेतले जात होते. नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात त्यांच्याशी १० वर्षांचा, किमान साडेसात कोटी डॉलरचा करार झाला. मिशिगन स्टेटचे मेल टकर यांनी एका हंगामात चमक दाखवली होती. एलएसयूच्या यादीत त्यांचे नाव येताच, फ्रँकलिन यांच्या पाठोपाठ, त्यांनाही १० वर्षांसाठी साडेनऊ कोटी डॉलरचा करार मिळाला.

एलएसयूने या तिघांपैकी एकालाही नेमले नाही.

त्या पदासाठी ओक्लाहोमाचे लिंकन रायली यांचेही नाव जोरात होते. २७ नोव्हेंबरच्या रात्री, सामना हरल्यानंतर, त्यांनी आपण एलएसयूचे पुढचे प्रशिक्षक होणार नाही असे ठामपणे सांगितले. ते अक्षरशः खरे ठरले. दुसऱ्याच दिवशी ते यूएससीचे प्रशिक्षक झाले. एलएसयूने नेमले ते नोत्र देमचे ब्रायन केली यांना. जेमतेम आठवडाभर आधी, नोत्र देम सोडण्याविषयी विचारले असता, एखादी परीराणी २५ कोटी डॉलरचा धनादेश घेऊन आली तर पाहू, असे त्यांनी विनोदाने म्हटले होते. प्रत्यक्षात १० वर्षांसाठी सुमारे साडेनऊ कोटी डॉलर पुरेसे ठरले. चाहत्यांच्या आणि पत्रकारांच्या बहुतेक याद्यांत केली यांचे नाव वर नव्हतेच.

म्हणजे त्या हंगामातील अंदाज भाकीत म्हणून फसले; पण त्यांचा परिणाम मात्र पुरेपूर झाला. हे कसे घडते ते समजून घेतले पाहिजे. प्रशिक्षकाचा एजंट आपल्या पक्षकारासाठी दुसरीकडून विचारणा झाल्याची कुजबुज नाकारत नाही. नाकारण्याचे त्याला कारणही नसते. या क्षेत्रातील सर्वांत प्रभावी एजंट जिमी सेक्स्टन यांच्या पक्षकारांत सेबन, फिशर आणि किफिन यांचा समावेश राहिला आहे. रिकाम्या पदाचा संभाव्य उमेदवार आणि दुसऱ्या विद्यापीठाचा विद्यमान प्रशिक्षक हे दोघेही एकाच एजंटाचे असू शकतात. दुसरीकडे क्रीडा संचालकाला रोज आपल्याच चाहत्यांचा धाक असतो. प्रशिक्षक गेला तर ‘तुम्ही त्याला जाऊ कसे दिले’ हा प्रश्न त्यालाच विचारला जाणार. अशा स्थितीत चार वर्षांचा करार दहा वर्षांचा करणे हा त्याला सुरक्षित मार्ग वाटतो, आणि त्या करारातील मोठी रक्कम हमीची असते. प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी काढले तर ती द्यावीच लागते. तिला तेथे ‘बायआउट’ म्हणतात.

हिशेब पुढे चुकता झाला. टकर यांना सप्टेंबर २०२३ मध्ये लैंगिक छळाच्या तक्रारीनंतर काढण्यात आले. विद्यापीठाने करारभंगाचे कारण दाखवून उर्वरित रक्कम नाकारली आणि वाद न्यायालयात गेला. फिशर यांना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काढले गेले, तेव्हा विद्यापीठावर साडेसात कोटी डॉलरहून अधिक रकमेचा बोजा पडला. या खेळाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी भरपाई मानली जाते. फ्रँकलिन यांची गच्छंती १२ ऑक्टोबर २०२५ रोजी झाली, आणि दोनच आठवड्यांनी, २६ ऑक्टोबरला, खुद्द केली यांची. त्यांच्या उर्वरित कराराची रक्कम सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर, म्हणजे जवळपास पावणेपाचशे कोटी रुपये होती. रकमेवरून केली यांनाही न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

हा पैसा येतो कोठून, याचे ठरावीक उत्तर ‘देणगीदारांकडून’ असे दिले जाते. टकर यांच्या करारामागे खरोखरच धनाढ्य देणगीदार होते. परंतु एलएसयू सरकारी विद्यापीठ आहे आणि कराराखाली सही विद्यापीठाची असते. लुइझियानाचे राज्यपाल जेफ लँड्री यांनी नेमका हाच मुद्दा उचलला. देणगीदार मागे हटले तर भार करदात्यांवर पडेल, असे सांगत त्यांनी क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड पुढचा प्रशिक्षक निवडणार नाहीत हे पत्रकारांसमोर जाहीर केले. त्यापेक्षा राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना निवडू देईन, असेही ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी वुडवर्ड यांनी पद सोडले. फिशर यांना २०१७ मध्ये टेक्सास ए अँड एममध्ये आणणारे क्रीडा संचालकही हेच वुडवर्ड होते. राज्याच्या सर्वोच्च निर्वाचित नेत्याने प्रशिक्षक निवडीत असा जाहीर हात घालावा, हे चाहत्यांच्या चर्चेचे वजन किती याचे प्रमाण आहे. गंमत अशी की, एवढे सारे होऊन किफिन यांना जो करार मिळाला, तोही सात वर्षांचा आणि वर्षाला सुमारे एक कोटी तीस लाख डॉलरचा.

चाहत्यांचा दबाव नेहमी करार वाढवण्याच्याच दिशेने जातो असे नाही. टेनेसी विद्यापीठाने २०१७ मध्ये उलटा अनुभव घेतला. तेथील चाहत्यांनी जॉन ग्रुडेन या माजी व्यावसायिक प्रशिक्षकाची वाट वर्षानुवर्षे पाहिली होती. ग्रुडेन यांनी तरुणपणी तेथे सहायक म्हणून काम केले होते आणि त्यांच्या पत्नी त्याच विद्यापीठाच्या माजी विद्यार्थिनी. एवढ्या दोन धाग्यांवर दर रिकाम्या पदाच्या वेळी त्यांच्या आगमनाची वार्ता उठे. नोव्हेंबरात पद रिकामे झाले तेव्हा ती पुन्हा उठली. प्रत्यक्षात २६ नोव्हेंबर रोजी बातमी आली ती ओहायो स्टेटचे सहायक प्रशिक्षक ग्रेग शियानो यांच्या नावाची.

काही तासांत नॉक्सव्हिलमध्ये निदर्शने सुरू झाली. पेन स्टेटमधील जेरी सँडस्की यांच्या बाललैंगिक अत्याचार प्रकरणाची शियानो यांना त्या काळी कल्पना होती, असा आरोप पुढे आला. त्याचा आधार एका साक्षीदाराने न्यायालयीन जबानीत सांगितलेली ऐकीव माहिती एवढाच होता. शियानो यांनी ती स्पष्टपणे नाकारली होती. त्यांच्यावर कधीही गुन्हा दाखल झाला नव्हता. तरीही विद्यापीठाच्या आवारातील मोठ्या शिळेवर आरोप रंगवला गेला, राज्याच्या लोकप्रतिनिधींनी नेमणुकीला विरोध केला आणि त्याच संध्याकाळी विद्यापीठाने माघार घेतली. आपला आवडता उमेदवार न आल्याचा राग आणि गंभीर गुन्ह्याविषयीची चीड यांची त्या दिवशी अशी सरमिसळ झाली की, कोणत्या शब्दामागे कोणती भावना आहे हे वेगळे काढणे अशक्य होते. एका व्यक्तीच्या नावाला लागलेला डाग मात्र निवडीचा प्रश्न मिटल्यावरही मिटला नाही.

क्रीडा संचालक १ डिसेंबरला पायउतार झाले. सुमारे दोन आठवड्यांच्या गोंधळानंतर जेरेमी प्रुइट यांची नेमणूक झाली. खेळाडू भरतीतील गैरप्रकारांवरून त्यांना जानेवारी २०२१ मध्ये काढण्यात आले आणि २०२३ मध्ये विद्यापीठाला ८० लाख डॉलरचा दंड झाला. शियानो २०१९च्या अखेरीस न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक म्हणून परतले. ग्रुडेन यांनी जानेवारी २०१८ मध्ये ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाची सूत्रे स्वीकारली. नॉक्सव्हिलला ते आलेच नाहीत.

या साऱ्यात ज्यांच्या नावाने खेळ चालतो ते खेळाडू कोठे असतात? सतरा-अठरा वर्षांचा मुलगा विद्यापीठ निवडताना बहुधा प्रशिक्षक निवडतो. त्याने करारावर सही करण्याचा मुख्य काळ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो. विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांसाठी ‘ट्रान्सफर पोर्टल’ ही नोंदणीव्यवस्था जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात खुली होते. जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदलाही देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी डॉलर आहे. म्हणजे डिसेंबर उजाडण्याच्या आत नवा प्रशिक्षक नसेल, तर भरतीचे आणि पैशाचे दोन्ही गणित कोलमडते. दुसरीकडे १२ संघांचा प्लेऑफ डिसेंबरमध्ये सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालतो. यशस्वी प्रशिक्षकाला नवे विद्यापीठ हवे असेल, तर त्याला हंगाम अर्धवट सोडावा लागतो. वेळापत्रकच असे आहे. किफिन यांनी प्लेऑफपर्यंत थांबू देण्याची विनंती केली होती. ओल मिसने ती नाकारून सहायक पीट गोल्डिंग यांच्याकडे सूत्रे दिली. विद्यापीठाच्या जागी दुसरे कोणी असते तरी वेगळे वागले असते असे वाटत नाही.

एका पदामागे किती जणांची घडी विस्कटते, हे निक सेबन यांच्या निवृत्तीने दाखवून दिले. अलाबामातून ते १० जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झाले. ऑरेगनचे डॅन लॅनिंग यांच्याभोवती अंदाज इतके दाटले की, त्यांना आपण राहत असल्याची चित्रफीत प्रसिद्ध करावी लागली. १२ तारखेला अलाबामाने वॉशिंग्टनचे केलन डीबोअर यांना नेमले. त्यांचा संघ चारच दिवसांपूर्वी राष्ट्रीय अंतिम सामना खेळला होता. वॉशिंग्टनने ॲरिझोनाचे प्रशिक्षक घेतले, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचे. आठवडाभरात चार विद्यापीठांतील खेळाडूंचे नियोजन उलटेपालटे झाले. अलाबामाचा गुणी बचावपटू केलेब डाउन्स ओहायो स्टेटला गेला. सेबन यांचा स्वतःचा इतिहासही या संदर्भात आठवण्याजोगा आहे. डिसेंबर २००६ मध्ये, मायामीच्या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक असताना, आपण अलाबामाला जाणार नाही असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले होते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते टस्कलूसाच्या विमानतळावर उतरले, आणि तेथेही चाहत्यांची गर्दी होती.

प्रशिक्षकांच्या नकारावर चाहते विश्वास का ठेवत नाहीत, याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही.

चार वर्षांपूर्वीचा २०२१चा धडा विद्यापीठांनी घेतला का, हे पाहण्याची संधी २०२५मध्येच मिळाली. फ्रँकलिन यांना काढल्यावर पेन स्टेटच्या पदासाठी पहिल्याच दिवसापासून इंडियानाचे कर्ट सिग्नेटी यांचे नाव घेतले गेले. चार दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, इंडियानाने त्यांना आठ वर्षांचा आणि वर्षाला सरासरी एक कोटी सोळा लाख डॉलरचा नवा करार दिला. मग चर्चा नेब्रास्काचे मॅट रूल यांच्याकडे वळली. ते पेन स्टेटचे माजी खेळाडू. चाहत्यांच्या तर्कशास्त्रात याहून मोठा पुरावा नाही. ऑक्टोबर संपण्याच्या आत नेब्रास्काने त्यांचा करार २०३२ पर्यंत वाढवला. डिसेंबरच्या आरंभी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे कलानी सिताके यांचे नाव पुढे आले आणि तेथेही करारवाढ झाली. पेन स्टेटने अखेर आयोवा स्टेटचे मॅट कॅम्पबेल यांना निवडले. फ्रँकलिन तोपर्यंत व्हर्जिनिया टेकमध्ये रुजूही झाले होते, आणि आयोवातील एम्स या गावात पुढचा प्रशिक्षक कोण, याची चर्चा सुरू झाली होती.